सड्यावरचा सामाईक कोपरा

मी अविनाश मुकुंद परचुरे, वाणिज्य शाखेचा पदवीधर, कोल्हापुरात करसल्लागार. दर उन्हाळ्यात हौशी पक्षिनिरीक्षकांच्या गटातर्फे लांजा तालुक्यातील सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, माळटिटव्यांची घरटी शोधण्यास जातो. ही टिटवी चिखलपाण्यातल्या पक्ष्यांच्या कुळातली, तरी अंडी घालते ती उघड्या, कोरड्या शेतजमिनीवर. आणि वर्षागणिक ती कमी दिसू लागली आहे. हे काम दोघांनी करायचे असते. माझे जोडीदार दामले सर गेल्या दिवाळीत वारले. यंदा जावे की नाही, हा प्रश्न मार्चअखेरच्या कामांबरोबर निकालात काढला आणि एकटाच निघालो.

कोल्हापूर–रत्नागिरी एसटीने आंबा घाट उतरून पालीला उतरावे. तेथून महामार्गाने लांज्याच्या गाड्या मिळतात. पुढे रिक्षा ठरवावी लागते. वाडीत सुलभाकाकींकडे जेवणासह खोलीचे दिवसाला सातशे रुपये पडतात. कुळथाचे पिठले उत्तम. काकींनी सवयीने दोन ताटे मांडली.

"सर मागून येतायत?"

मी सांगितले. त्यांनी एक ताट उचलले.

ज्या सड्यांवर पूर्वी हमखास घरटी सापडत, त्यांतल्या एकावर आता आंब्याची कलमे होती, दुसऱ्यावर चिऱ्यांची खाण. दिवसभर स्वतःचा आवाजही कानी पडला नाही. तिसऱ्या दिवशी एका खडकाळ तुकड्याच्या मधोमध अखेर एक जोडी दिसली. चार अंडी. त्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून नेहमीप्रमाणे भोवती लाल फितीच्या काठ्या रोवल्या.

सकाळी त्या काठ्या बांधावर फेकलेल्या आढळल्या. जमीनवाले तात्या आणि काकू हे जोडपे भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, पालापाचोळा पसरत होते. अंड्यांपर्यंत तो अजून पोहोचला नव्हता.

"काय वो, मोजणीवाले काय तुम्ही?" कोयता खाली न ठेवता तात्यांनी विचारले. "कोणी धाडलंन? बाबल्यानं ना?"

बाबल्या हा त्यांचा मुंबईतला चुलतभाऊ. जमीन दोघांची सामाईक. अशा जमिनीत लाल फितीची काठी दिसली की लोकांना काय वाटते, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. मी घरटे दाखवले.

"टिटवीला सातबारा कधीपासून लागला?" काकू हसल्या.

"एवढी जागा भाजू नका, इतकीच विनंती आहे," मी म्हणालो.

"आणि सोडली, तर बाबल्या म्हणेल, तात्यानं माझा हिस्सा कबूल केलान. भाजेल त्याची वहिवाट, साहेब."

वारा सुटण्यापूर्वी आग लावायची होती.

"मग विचारा की त्याला," काकू म्हणाल्या. "फोन काय देव्हाऱ्यात ठेवायला घेतलाय?"

दोन भावांत कित्येक महिने बोलणे नव्हते. तात्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"तात्या? कोण गेलं?" पलीकडून घाबरा आवाज आला.

"कोण नाय गेलं रे मेल्या. टिटवीनं अंडी घातलीत."

पलीकडचा आवाज सावरला. मग, "कोणाच्या बाजूला?"

"मधोमध."

"राहू दे मग. पण मी हिस्सा सोडला, असं समजू नको."

"तूही समजू नको."

तात्यांनी घरट्याभोवतीचा पाला स्वतः दाताळ्याने ओढून रुंद पट्टा मोकळा केला. मग जाळ लागला. दोन्ही टिटव्या धुरावर ओरडत घिरट्या घालत राहिल्या. तुकडा काळा पडला, धूर विरला, तरी त्या उतरेनात. मी बांधापलीकडच्या आंब्याच्या कलमांच्या सावलीत थांबलो. ऊन कलल्यावर मादी चालत आली आणि अंड्यांवर टेकली.

"बसली, सर," मी म्हणालो. दुर्बीण बाजूला देण्यासाठी हातही पुढे झाला होता.

दुसऱ्या दिवशी परतलो. परवा संध्याकाळी तात्यांचा फोन आला.

"पिल्लं निघाली वो! बाबल्या रोज विचारतो, म्हणून कळवलं. आता तुमच्या काठ्यांचं काय करू?"

"राहू द्या तुमच्याकडेच," मी म्हणालो.

सड्यावर जाण्याची ज्यांना इच्छा आहे, त्यांनी जमीनवाल्याला आधी भेटावे, काठ्या नंतर रोवाव्यात. बाकी, ही बातमी प्रथम ज्यांना सांगायची, ते आता नाहीत. घरात दुसरे कोणी नाही. म्हणून ती इथे लिहिली.

अविनाश मुकुंद परचुरे
कोल्हापूर, मे महिन्याचा शेवटचा रविवार