पुनर्वसन शक्य आहे का?

ऐंशी सालाच्या आसपास मी अपंग तरुणांच्या रोजगाराचा सर्व्हे करत नागपूरभर सायकल हाणत होतो. एकदा बर्डीवर चाक पंक्चर झालं आणि पंक्चरवाला पोरगा पोलिओचा निघाला. पंक्चर होऊन इतका आनंद मला कधीच झाला नव्हता!

कुबडी आऱ्यांत खुपसून त्यानं चाक अडवून धरलं. मी फॉर्म काढला.

"कामात कोणाची मदत लागते?"

"लागते नं. हे ट्यूब धरा."

मी धरली.

"कोणतं काम जमत नाही?"

"उभ्यानं पंप मारणं. हवा गिऱ्हाईकच भरते."

मी घामाघूम होऊन हवा भरली. त्यानं टायर दाबून पाहिला आणि विचारलं, "साहेब, तुमची नोकरी पक्की हाय काय?"

"सहा महिन्यांची. पुढचं माहीत नाही."

महिनाभर मी लोकांकडे जसा पाहत होतो, अगदी तसाच तो माझ्याकडे पाहू लागला.

"मंग या इकडं. हात चांगला हाय तुमचा. पंपावर माणूस पाहूनच राहिलो मी."

फॉर्मच्या शेवटी प्रश्न होता, 'पुनर्वसन शक्य आहे का?' मी 'हो' लिहिलं. कोणाचं, ते फॉर्मनं विचारलं नव्हतं.