चिठ्ठी नसलेली बरणी: डिंभ्याचं पाणी, आहुप्याचं रान

आहुप्याला जायचं की नाही, हे ठरवायला मला तीन आठवडे लागले. शेवटी ठरलं ते बाबांच्या गुडघ्यामुळे. दर हिवाळ्यात ते डिंभे धरणाच्या काठावर गळ टाकायला जायचे. यंदा डॉक्टरांनी चढउतार बंद केले.

"तू जातेच आहेस, तर वाटेत लहूच्या वाडीवर उतर," बाबा म्हणाले. लहूकाका म्हणजे त्यांचे धरणावर मासेमारी करणारे जुने दोस्त. "त्याला एवढी बरणी दे."

बरणी कॉफीची होती. आत बोटाएवढे मासे, एकावर एक, डोळे उघडे. बाबा हे मासे पावसाळ्याच्या शेवटी ओढ्यातून जाळीने धरतात आणि वर्षभर टिकवून ठेवतात. मरळ, शिवडा असे मोठे मासे याच लहान माशांवर गळाला लागतात. मिठाच्या पाण्यात ठेवलेत, एवढंच मला ठाऊक होतं. निघताना बाबा दारातून अजून काहीतरी सांगत होते, पण रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मी पाण्याची बाटली घेतली की नाही ते तिसऱ्यांदा तपासत होते.

शिवाजीनगरहून सकाळच्या एसटीने निघालं की मंचर, मग घोडेगाव. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. घोडेगावला उतरून मिसळ खाल्ली. तिखट आहे, रस्सा वेगळा मागा. तिथून आहुप्याच्या गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. मी दोघांना विचारलं, दोघांनी वेगवेगळी वेळ सांगितली, म्हणून मी पहिल्या वेळेपासूनच उभी राहिले. शिनोली मागे पडली की डोंगर जवळ येतात आणि मग धरणाचं पाणी डावी-उजवीकडे डोकावत राहतं. बरणी सगळा वेळ मांडीवर होती.

लहूकाकांची वाडी रस्त्यालाच आहे. काका पाण्यावर गेले होते. त्यांच्या बायकोने, ठकूकाकींनी, भाताचं पोतं शिवता शिवता मला चहा दिला.

"बाप न्हाई आला?"

"गुडघा धरलाय त्यांचा."

"पान्यात तासन् तास हुभा ऱ्हायला की धरनारच. आमच्या ह्यांचा बी धरल, मग बसतील घरात मला शिकवत."

मी बरणी दिली. काकींनी ती उजेडात धरून हलवली. "बरं झालं. ह्यांना लई आवडत्यात," म्हणाल्या आणि चुलीमागच्या फळीवर ठेवली. पुढची गाडी आली, मी पळाले. मुक्कामाला आहुप्याला पोचले, तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण जेवले. जेवणाचं आधी फोन करून सांगून ठेवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराई पाहिली. आत शिरलं की ऊन बाहेरच राहतं. वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड आहेत. घरमालकांनी आधीच बजावलं होतं, "वाळकी काटकी बी उचलायची न्हाई, ती देवाची." मी इतकी जपून चालले की बाहेर आल्यावर बुटांच्या तळव्यांना चिकटलेली पानंही काढून आत ठेवली. मग कड्यावर गेले. खाली कोकण धुरकट दिसत होतं आणि फोनला रेंज आली होती. मी घरी फोन लावला.

"लहूला नीट सांगितलंस ना?" बाबांनी पहिलं तेच विचारलं.

"काय?"

"ते औषधातले आहेत म्हणून. फॉर्मालिनमध्ये मुरवून मग मिठाच्या पाण्यात टाकलेत. निघताना सांगितलं की तुला."

बाबा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. बेडूक, साप, मासे ज्यात वर्षानुवर्षं शाबूत राहतात, ते फॉर्मालिन. पोटात जाऊ नये ते विष. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, बाबांनीच घरी शिकवलं, आणि त्यांचा पहिला धडा होता की जिच्यावर चिठ्ठी नाही ती बाटली उघडायची नाही. या बरणीवर चिठ्ठी नव्हती.

आणि काकी म्हणाल्या होत्या, ह्यांना लई आवडत्यात.

"गळासाठी" हा शब्द मी उच्चारला होता का? मी कड्यावर उभी राहून ते दोन मिनिटांचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवत होते. "बाबांनी मासे पाठवलेत" असं म्हटल्याचं आठवत होतं. पुढचं काहीच आठवेना. काकांचा फोन लागेना.

खालची गाडी दुपारी होती. एक जीप उभी होती, पण भरल्याशिवाय सुटणार नव्हती. चार माणसं कमी होती. मी म्हटलं, चारही जणांचे मी देते, आत्ता काढा.

"ताई, कुनी शिरेस हाय का?" ड्रायव्हरने विचारलं.

"माहीत नाही."

मागे बसलेले आजोबा म्हणाले, "पावणं, म्हाईत न्हाई तर येवढी घाई, म्हाईत असतं तर उडीच मारली असती हिनं कड्यावरनं." सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. जीप सुटली, पण वाटेत दोनदा थांबली, एकदा हिरड्याच्या पोत्यांसाठी, एकदा ड्रायव्हरच्या मेव्हण्याशी बोलायला. या रस्त्यावर खिडकीकडेला बसा, पाणी फार सुंदर दिसतं, असं लोक लिहितात. मला पाणी दिसलं नाही. मी जेवायची वेळ मोजत होते.

वाडीवर पोचले तर दार उघडं, घरात कोणी नाही. दारातल्या दगडावर कॉफीची बरणी उपडी घातली होती, धुऊन, स्वच्छ. चूल विझलेली. पातेलंही घासून ठेवलेलं.

मी पाण्याकडे उतरले ते जवळजवळ घसरतच. काकी काठावर बसून टोपलीत बारके मासे निवडत होत्या. काका होडक्यातलं पाणी उपसत होते. दोघंही धडधाकट दिसत होती, तरी मी विचारलं, "ते मासे खाल्लेत का?"

काकींनी हात थांबवले. "तू आदी बस. पानी पी."

"काकी, खाल्लेत का?"

"न्हाई बाय. चुलीवर ठिवलं व्हतं सकाळी. तासभर शिजवलं तरी मासा वाकंना. रबरावानी. मांजरीला टाकला, तर हुंगून मागं सरली. मी म्हनलं, मांजर न्हाई खात ते मानसानं खाऊ नये. खड्डा खनून पुरलं, वर धोंडा ठिवला, कोंबड्या उकरतील म्हनून." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यांचा दोस्त लई शिकलेला. मासा टिकवाय सांगितला तर पुतळा करून धाडतो."

मी तिथेच बसले. फॉर्मालिन म्हणजे काय ते मी सांगितलं, पातेलं पुन्हा घासायला सांगितलं, माफी मागितली. काका मान खाली घालून ऐकत होते.

"चूक माजी हाय," ते म्हणाले. "दर साली तो मला पान्यावरच बरनी द्यायचा. मी घरी कदी आनलीच न्हाई, मग हिला म्हाईत व्हनार कसं? तो गेला की पुरायचो."

"तुम्ही गळाला लावत नव्हतात?"

"जे आपल्याला खाववत न्हाई, ते शिवड्याला का घालायचं? शिवडा मग आपनच खातो की. पर त्याचं मन मोडवंना. येवढा मानूस पुन्याहनं घेऊन यायचा." पुन्हा होडक्याकडे वळत म्हणाले, "त्याला नको सांगू."

काकी मासे कसे टिकवतात ते त्यांनी मला करून दाखवलं. मासे गोड्या पाण्याने धुवायचे नाहीत, फडक्याने पुसायचे. खडेमीठ, मासे, खडेमीठ, असे थर. रात्रभरात सुटलेलं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा मीठ, मग एक दिवस सुपात ऊन. कातडी चिवट होते, गळावरून सुटत नाही. "आन गळाला न्हाई लागलं तर कालवनात," काकी म्हणाल्या. या घरात गळाची बरणी आणि जेवणाची बरणी वेगळी कधी नव्हतीच. कॉफीची बरणी मी राखेने पुन्हा घासून उकळत्या पाण्याने धुतली, मग तिच्यात त्यांनी आधीचे वाळवलेले मासे भरले आणि झाकण घट्ट लावलं.

तिसरा दिवस मी जुन्नर आणि ओतूरसाठी राखून ठेवला होता. तो मी रद्द केला. लेण्यांची माहिती हवी असेल त्यांनी दुसरीकडे वाचावी. मला घरी जायचं होतं.

गाडीत सगळा वेळ एकच विचार होता. काकांनी नको सांगू म्हटलंय, आणि बाबांशी मी आजवर खोटं बोललेले नाही. घोडेगावच्या स्टँडवर मी वहीचं पान फाडलं आणि बरणीला चिकटवायची चिठ्ठी लिहिली: "मीठ. ऊन. खायला चालतात."

घरी आल्यावर काय झालं होतं ते मी सांगितलं. चूल, मांजर, खड्डा, सगळं. काकांचं तेवढं सांगितलं नाही. बाबांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते चिठ्ठी वाचत बसले, चारच तर शब्द होते.

"लहू दर वर्षी बरणी धुऊन द्यायचा," शेवटी ते म्हणाले. "मला वाटायचं, मासे संपले."

मी बरणीचं झाकण उगाच पुन्हा आवळलं.

"कधीच लावले नाहीत ना त्याने?"

मी बरणीकडे बघत राहिले. बाबांनी मान हलवली. मग भिंतीला धरून उठले, माळ्याखालच्या कपाटातून फॉर्मालिनची बाटली काढली आणि उद्या महाविद्यालयात परत करून ये म्हणाले. तिच्यावरही चिठ्ठी नव्हती. ती त्यांनी माझ्यासमोर बसून लिहिली, लहानपणी मला गिरवायला द्यायचे तशा मोठ्या अक्षरात.

हे सगळं इथे लिहिण्याआधी मी त्यांना वाचून दाखवलं. "लहूचं गाळू नकोस," ते म्हणाले. "त्यालाही कुणाला तरी वाचून दाखवायला सांग. मला कळलंय हे त्याला कळू दे." रविवारी संध्याकाळी आईने त्या बरणीतले मूठभर मासे कांद्यावर परतले. बाबांनी दोन वेळा घेतले. उरलेले गळासाठी ठेवलेत, गुडघा बरा झाला तर.