बारका गठ्ठा

डाळिंबाच्या पेटीत अंथरलेला छापील कागद दिसला की मला नव्वदच्या दशकातली निमगाव केतकीची ती दुपार आठवते. संशोधनाला विटून मी घरी आलो होतो, पण सोबत दुर्बिणीनं टिपलेल्या चित्रांच्या छापील कागदांनी भरलेलं पोतं होतंच. ताऱ्याकडून आलेला गॅमा किरण हवेत शिरला की क्षणभर निळसर उजेड चमकतो. त्याचं चित्र सडपातळ, लंबगोल आणि चित्राच्या मधोमध असलेल्या त्या ताऱ्याकडं रोखलेलं उमटतं. अवकाशातून येणाऱ्या बाकीच्या कणांची चित्रं वेडीवाकडी, आणि ती हजारोंनी. तीन आठवडे डोळे फोडून मी ती निवडली होती: नको असलेल्यांचा भलामोठा ढीग आणि हव्या असलेल्यांचा बोटभर गठ्ठा. जेवून पडवीत आलो, तर गठ्ठा जाग्यावर नव्हता. आईनं पेट्या भरल्या होत्या, टेम्पोही बाजाराला गेला होता. "आई, हितला बारका गठ्ठा कुठं हाय?" "पेट्यांत अंथरला की. मोठा ढीग त्यो माल, बारका त्यो बाद. डाळिंबांत असंच असतंय न्हवं?" तिच्या हातांवर काट्यांचे ताजे ओरखडे होते. रागवायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. संस्थेत परत जाऊन सगळी चित्रं पुन्हा छापली आणि या वेळी नजरेवर न सोडता प्रत्येकाची लांबी-रुंदी पट्टीनं मोजली. हव्या चित्रांचा गठ्ठा पहिल्याच्या निम्माही झाला नाही. आई अजून फोनवर हळहळते, "माझ्यामुळं तुझं नुकसान झालं." तिनं बाद म्हणून टाकलेला निम्म्याहून जास्त माल खरंच बाद होता, हे सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.