पातळ ऑइल

सावरगावात चिंधू कळंब्यांच्या घरापुढे तुळशीवृंदावन नाही, ओटा नाही. खड्डा आहे. माणूस आत उभा राहिला तर छातीपर्यंत येईल एवढा खोल, आणि जीप वर उभी केली तर तिच्या पोटाखाली नीट मावेल एवढा लांब. वरून सागाच्या जाड फळ्या. जीप होती त्या दिवसांत चिंधूभाऊंनी तो स्वतः खणला. गाडीखाली पोतं टाकून उताणं पडणं त्यांना कधी जमलं नाही. इंजिन अंगावर येतंय असं वाटायचं. खड्ड्यात मात्र माणूस आपल्या पायावर उभा असतो, आणि डोक्यावर गाडी.

प्रेमलताबाई, त्यांची बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "लोकाइच्या दारात रांगोयी रायते, माया दारात भुयार आहे. पाव्हणा आला अन् त्यात पडला, तं मी तिथंच त्याले च्या देतो."

जीप पांढुर्णा, सौसर, जामसांवली अशी धावायची. मंगळवारी-शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणारी माणसं आत मावली नाहीत की मागच्या पायरीवर लटकायची. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या, बसगाड्या वाढल्या, जीपमध्ये बसायला कुणी उरलं नाही. जीप भंगारात गेली. मग प्रेमलताबाईही गेल्या. खड्डा राहिला.

पूनम त्यांची एकुलती एक. नागपूरला शाळेत शिकवते. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, योगेशरावांनी, पांढरी कार घेतली, तेव्हा चिंधूभाऊंनी फोनवर एकच गोष्ट मागितली. "ऑइल मी बदलून देत जाईन. कंपनीत नोको देऊ."

"बाबा, तिथं सगळं मशीननं होते."

"म्हनूनच म्हन्तो."

म्हणून ऑइल बदलायची वेळ आली की पूनम एकटी गाडी घेऊन सावरगावला यायची. ती नवं ऑइल आणि फिल्टर आणायची, चिंधूभाऊ खड्ड्यात उतरायचे, ती बाजूला खाट टाकून बसायची. आणि तेवढ्यात बाप-लेकीचं बोलणं व्हायचं. घरात समोरासमोर बसले की दोघांची गाडी दोन वाक्यांपुढे जात नसे. जेवले का, हाव. तब्येत, बरी. मग दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत. पण एकदा चिंधूभाऊंचं डोकं गाडीखाली गेलं, काळं ऑइल घमेल्यात उतरायला लागलं, की पूनमला कंठ फुटायचा. शाळेतली भांडणं, सासूचं दुखणं, योगेशरावांचं चिडणं. खालून बाप "हाव", "मंग?", "असं?" एवढंच म्हणायचा. तोंड दिसत नव्हतं म्हणून सगळं सांगता येत होतं. शेवटचा थेंब गळेपर्यंत ते खालच्या भोकाचा बोल्ट लावायचे नाहीत. जीपलाही कधी लावला नव्हता.

हे त्यांनीच घालवलं. मागच्या वर्षीच्या वैशाखात.

त्या भागात जीप चालवणाऱ्या सगळ्या माणसांचं ऑइलबद्दल एक मत होतं, आणि अजून आहे. ऑइल अंगठा आणि बोटात चोळायचं, बोटं हळूच फाकवायची. गुळाच्या पाकासारखी तार आली तर ते ऑइल. नवतप्यात, उन्हाळ्यातल्या त्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, डांबर पाघळतं, तिथं इंजिनाला घट्टच पाहिजे. पूनमनं नागपूरहून आणलेल्या डब्यावर झिरो-ट्वेंटी लिहिलेलं होतं. चिंधूभाऊंनी बोटावर घेऊन पाहिलं. तार तर सोडा, ओघळ आला आणि मनगटापर्यंत गेला. हे टाकून लेकीला भर उन्हात नागपूरपर्यंत पाठवायचं?

ती आत चहा ठेवायला गेली. चिंधूभाऊंनी रामाजीच्या दुकानातून आदल्या दिवशी आणून ठेवलेलं ट्वेंटी-फिफ्टी काढलं, जीपला टाकायचे तेच, मधासारखं, आणि ओतून दिलं. तिला सांगितलं नाही. तिनं आणलेला डबा पुढं शेजाऱ्याच्या कडबाकुट्टीच्या चक्राला गेला.

हिवाळा लागला, घट्ट ऑइल आणखी गारठलं, तशी सकाळी सकाळी इंजिनातून टिकटिक यायला लागली. गाडी कुंथत चालू व्हायची. एक दिवस समोर पिवळा दिवा लागला. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या माणसानं ऑइल काढून पाहिलं आणि विचारलं, हे कोणी टाकलं? योगेशरावांचा फोन आला. ते चांगल्या घरचे, आवाज चढवला नाही. "मामाजी, ही आपली जीप नव्हे ना," एवढंच म्हणाले आणि हसले. ते हसणं चिंधूभाऊंना झोंबलं, पण ते सोसवलं. मग पूनमनं फोन घेतला.

"बाबा, मले सांगितलं काहून नाही?"

"तुया भल्यासाठीच टाकलं वो."

"आईच्या वक्तालेही तुम्ही हेच म्हनलं होतं."

प्रेमलताबाईंच्या पोटात गाठ निघाली तेव्हा पूनमची बी.एड.ची परीक्षा होती. पोरीचं वर्ष जाऊ नये म्हणून चिंधूभाऊंनी तिला पेपर संपेपर्यंत कळवलं नव्हतं. ती आली तेव्हा आई माणसं ओळखत नव्हती. त्यावर पूनम कधी एक शब्द बोलली नव्हती. ऑइलवरून बोलली.

त्यानंतर ती आली नाही. फोन यायचा, जेवले का, हाव. गाडीचं काम कंपनीत होऊ लागलं. चिंधूभाऊ सकाळी उठून अंगण झाडत, खड्ड्यावरच्या फळ्या झाडत. संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बाया रस्त्यानं हसत-खिदळत जायच्या, त्यातली एखादी विचारायची, "भाऊ, पूनम नाही आली वो लय दिवसांत?" ते म्हणत, "शाळा आहे ना तिची." उन्हाळ्याच्या सुट्टीतही त्यांनी हेच उत्तर दिलं.

दिवाळी होऊन गेली. एक दिवस ते उठले, धुतलेला सदरा घातला, जाम नदीवरच्या पुलावरून पांढुर्ण्यात आले आणि रामाजीच्या स्पेअर पार्टच्या दुकानापुढे उभे राहिले. रामाजी त्यांच्याच वयाचा. दुकानापुढच्या बाकावर जीपवाल्यांच्या जमान्यातले दोघं-तिघं बसलेले असतातच. आता कुणाकडे जीप नाही, पण बाक आहे.

"झिरो-ट्वेंटी आहे काय?" चिंधूभाऊंनी हळूच विचारलं.

रामाजीनं कानामागं हात धरला. "काय म्हनला?"

"झिरो-ट्वेंटी."

बाकावर हसू फुटलं. "अबे चिंध्या, इतकं पातय पायजे तं जामच्या पुलाखालून डबा भरून ने ना! फुकटात पडन!"

"कोनाच्या नादी लागला बे?" दुसरा म्हणाला. "तार येते काय त्याले?"

"नाही येत," चिंधूभाऊ म्हणाले. "पन गाडीले तेच लागते."

हसणं थोडं थांबलं. या माणसानं आयुष्यभर याच बाकावर बसून पातळ ऑइलवाल्यांची टिंगल केली होती. रामाजीनं उगाच काउंटर पुसलं. "माह्याकडे नाही रायत गा ते. कोनी मागत नाही इथं. सौसरले पाहा, बसस्टँडजवळ पोरगी आहे एक, दुकान टाकलं तिनं."

चिंधूभाऊ सौसरच्या बसमध्ये बसले. ज्या रस्त्यावर आपण लोकांना नेलं, त्याच रस्त्यावर खिडकीशी बसून जायला त्यांना नेहमी अवघड वाटे. बसमध्ये त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. कंडक्टरनंही "बाबा, मागं सरका" म्हटलं.

दुकान अमिता नावाच्या मुलीचं. तिनं विचारलं, "काका, गाडी कोन्ती? कोन्त्या सालची? पेट्रोल का डिझेल?"

कोणती ते सांगता आलं, पेट्रोल हेही. साल नाही. लेकीच्या गाडीचं साल आपल्याला ठाऊक नाही, हे त्या पोरीसमोर कळलं.

"फोन करा ना घरी."

त्यांनी बाहेर येऊन, कापसाच्या गाड्यांच्या धुळीत उभं राहून फोन लावला. मधली सुट्टी असावी. मागं पोरांचा गलका होता.

"काय झालं बाबा? बरं नाही काय?"

"बरा आहो. तुयी गाडी कोन्त्या सालची?"

"कायले?"

"ऑइल घेऊन राहिलो. सौसरले आलो."

नुसता पोरांचा गलका.

"कोन्तं?" पूनमनं विचारलं.

"झिरो-ट्वेंटी. तुले विचारूनच घेतो म्हनलं."

गलका मागं पडला, ती बाजूला आली असावी. मग म्हणाली, "थांबा. गाडीतल्या पुस्तकाचा फोटो पाठवते, दुकानवाल्याचा नंबर द्या. तुमच्या फोनवर नाही दिसणार."

अमिताच्या फोनवर गाडीच्या पुस्तकाचं पान आलं. तिनं ते वाचून ऑइलचा डबा काढला, मग दोन फिल्टर काउंटरवर ठेवले. चिंधूभाऊंनी सवयीनं एक या तळहातावर, एक त्या तळहातावर घेतला. वजनदार होता तो बाजूला काढला.

"काका, वजनावर नका जाऊ. तो दुसऱ्या गाडीचा आहे. नंबर पाहा, हा तुमचा."

हातातला जड फिल्टर ठेवायला त्यांना जरा वेळ लागला. हलका घेतला. त्याचं रबर बोटानं दाबून पाहिलं, नरम होतं. आतल्या भोकांत डोळा लावून पाहिलं. मग पैसे दिले. निघताना अमिता म्हणाली, "तुमच्या मुलीचा मेसेज आला. रविवारी येते म्हनते."

रविवारी गाडी अंगणात आली. फळ्या आधीच सरकवलेल्या होत्या. पूनम उतरली, पाया पडली. जरा बारीक झाली होती. दोघं आत बसले, चहा झाला. तिनं कॅलेंडराकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं.

"मंग करू?" चिंधूभाऊ म्हणाले.

"करा."

त्यांनी डबा तिच्या हातात दिला. "वाच."

"वाचलं बाबा. बरोबर आहे."

"फिल्टरचाही नंबर पाह्य."

"पाह्यला."

ते खड्ड्यात उतरले. गुडघे आता कुरकुरतात; दुसऱ्या पायरीवर जरा थांबले. इंजिन गरम होतं. पाना लावून बोल्ट सैल केला, शेवटचे आटे बोटानं फिरवले, घमेलं सारलं. ऑइल भसकन आलं. पातळ, काळं, कढत. एवढ्या लवकर उतरणारं ऑइल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जीपचं कसं, आधी जाड दोर, मग सुतळी, मग दोरा. यात दोर आणि दोऱ्याच्या मध्ये काही नव्हतंच.

वर खाट कुरकुरली, म्हणजे ती बसली होती. त्यांनी वाट पाहिली. आता शाळेचं काही निघेल, सासूचं काही निघेल. धार बारीक झाली. थेंब आले. त्यांनी खाकरून पाहिलं.

"शाळा?"

"चालू आहे."

जुना फिल्टर त्यांनी फिरवून काढला, नव्याच्या रबराला बोटानं ऑइल लावलं, हातानंच घट्ट बसवला. परत भोकाकडे पाहिलं. एक थेंब फुगला, लटकला, पडला. दुसरा येण्यात बराच वेळ गेला. मग आलाच नाही. बोल्ट नव्या वायसरसकट त्यांच्या मुठीत होता. तो लावला की वर ऑइल ओतायचं, झाकण, गाडी चालू, ऑइलचा दिवा गेला का पाहायचं. मग ती निघणार. चार वाजताच निघते ती, अंधाराच्या आत नागपूर गाठायला.

ते तसेच उभे राहिले. घराच्या पत्र्यावरून ऊन खड्ड्याच्या कडेला आलं होतं. तिचे पाय दिसत होते, नुसते घोट्यापर्यंत. प्रेमलतासारखी एका पायावर दुसरा पाय ठेवायची सवय.

"झालं काय बाबा?"

गळून राहिलं अजून, हे वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं. कोण पाहायला येत होतं खाली? पोरगी बसली असती आणखी थोडी. तिच्याही भल्याचंच होतं.

"ऑइल तं केव्हाचंच उतरलं," ते म्हणाले. "मीच उभा आहो."

पाय हलले. खाट ओढल्याचा आवाज झाला आणि त्यांना वाटलं, उठली. पण खाट खड्ड्याच्या आणखी जवळ आली होती. पाय आता अगदी कडेला होते, बोटं लोंबत होती.

"राहा मंग उभे," पूनम म्हणाली.

आणि मग, कुणाला सांगतेय असं न वाटता, ती बोलू लागली. योगेशरावांची बदली होऊन राहिली होती, दूर, आणि तिला जायचं नव्हतं, आणि हे तिनं अजून घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"हाव," चिंधूभाऊ खालून म्हणाले. "मंग?"