कृष्णेतल्या बर्मी नावा

चंपामावशी गेल्याचा निरोप सांगलीला पोचला, तेव्हा तिला अग्नी देऊनही झाला होता. विषमज्वराचं निमित्त. नदीला पूर, मोटारी बंद... मी उंब्रजला पोचले तेव्हा सोप्यात तिचे थोरले दीर, आबा, एकटेच बसले होते. आता महिना उलटून गेला, तरी तिच्याविषयी ‘होती’ असं लिहिताना हात अडखळतो.

मावशीचे यजमान रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. तिथं शेजारच्या एका बर्मी म्हाताऱ्याकडून ती दोऱ्यांच्या बाहुल्या करायला आणि नाचवायला शिकली. भाषा येत नव्हती. त्याच्या हातांकडे बघत शिकली. मग लढाई आली, शहरावर बॉम्ब पडले, आणि ही दोघं इतरांबरोबर डोंगर-जंगलांतून चालत निघाली. काका वाटेतच गेले. मावशी सासरी आली ती नेसत्या लुगड्यानिशी.

कितीतरी दिवस ती दळणकांडणातच गुंतून राहिली. मग एकदा बांधावरच्या पांगाऱ्याचं लाकूड मागून घेतलं आणि बाहुल्या कोरायला बसली. चेहरे बर्मी, बारीक भुवयांचे. अंगावर इरकली लुगड्यांच्या चिंध्या. जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर गाणी तिनंच रचली, मागचा पडदाही तिनंच रंगवला. नागपंचमीला आळीतल्या बायकांपुढे तिनं जळत्या शहरातून निघालेल्या राणीची गोष्ट केली, तेव्हा जिनं पदर डोळ्यांना लावला नाही अशी एक बाई तिथं नव्हती.

मी शिकवते त्या मुलींच्या शाळेत मग तिचा खेळ ठेवला. आबा नाखुषीनं का होईना, तिला घेऊन सांगलीला आले. खेळ रंगला. शेवटी अध्यक्ष म्हणून बोलावलेले एक नाटकवाले गृहस्थ उठले आणि हसत म्हणाले, “बाई, हे धड बर्मी नाही, धड मराठी नाही. गायचं तर गा, बाहुल्या नाचवायच्या तर नाचवा. काहीतरी एक धरा.” सभेत हशा पिकला. मावशी दोऱ्या गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, “आवं, चालत आले तवा बर्मा कुठं संपला आन आपला मुलूख कुठं लागला, मला न्हाई कळलं... आता गाण्यात कसं कळावं?”

हसणं थांबलं. आबांच्या कानात मात्र ते राहिलं. “लोकांनी हसावं म्हनून घरातली बाई आनली व्हय मी? बास झालं आता.” मावशी वाद घालणारी नव्हती. बाहुल्या पेटीत गेल्या त्या गेल्याच. पुढे मी विषय काढला, की “बघू की गं...” एवढंच म्हणायची. आबांचा राग निवळेल, मग पाहू, असं मलाही वाटत राहिलं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं.

परवा उंब्रजला गेले होते. स्वयंपाकघरात चुलीमागच्या भिंतीवर तिनं गेरूनं आणि काजळीनं नदी काढलेली आहे. घाट आपल्या कृष्णेचा, नावा मात्र उंच शेपटीच्या, बर्मी. एक नाव अर्धीच राहिली आहे. पुरुषमाणसं त्या खोलीत कधी जात नसत. आबांनी ती भिंत पाहिली ती मावशीच्या मागं. आता ते सोप्यात जेवत नाहीत, त्या भिंतीसमोर पाट मांडून घेतात. मावशीच्या जाऊबाईंनी दिवाळीसाठी पांढरी माती भिजवली, तर म्हणाले, “ती भिंत न्हाई सारवायची. ऱ्हाऊ दे तेवढी...” ताटातली भाकरी निवून गेली.