खालच्या चार ओळी

सई, ओंकार —

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. तुमच्या बाबाला तर नाहीच. आजोबा गेले तेव्हा वाटलं होतं, आता विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणजे मी सुटले. पण तसं काही होत नाही.

आताच का सांगते, तर सईच्या फोनमुळे. मागच्या रविवारी तू गुवाहाटीहून बोलत होतीस — दिवाळीचं तिकीट, त्याचं भाडं, आणि भाड्याच्या खाली परत वेगळा लावलेला इंधन अधिभार. विमानाला तेल लागतं हे यांना आधी माहीत नव्हतं का आजी, असं म्हणून तू हसलीस. मी गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

तुम्ही दोघं मला हसता ना — औषधाच्या खोक्यातला कागद मी घडी उलगडून शेवटपर्यंत वाचते, बँकेच्या फॉर्मची मागची बाजू वाचते, आणि तुम्हालाही वाचायला लावते? ओंकार तर म्हणतो, आजीची मास्तरीण अजून रिटायर झाली नाही. तुम्हाला ती शिस्त वाटते. मी वाटू दिली. ती शिस्त नव्हे. ती कुठून आली, तेच लिहायला बसले आहे. ओंकार, तुला मराठी वाचायला वेळ लागतो. लागू दे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. आजोबा उस्मानाबादच्या कचेरीत होते. जिल्हा वेगळा निघाला, फायलींचे ट्रक लातूरला आले आणि त्यांच्या मागोमाग आम्ही. सरकारी घरं बांधायची होती, म्हणून औसा रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. हैदराबादला बी. ए. झालेली बाई त्या गल्लीत दुसरी नव्हती. कुणाला तार आली, कोर्टाचा कागद आला, औषधाची बाटली आली, की बायका माझ्याकडे यायच्या. बाई, वाचून सांगा की. मी वाचून सांगत असे. मला ते आवडायचं — किती आवडायचं, ते पुढे कळेल.

समोरच्या घरात शेषराव गुरुजी आणि कौसल्याबाई राहायच्या. बौद्ध कुटुंब. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत, मोठा मुलगा मिलिंद इंजिनिअर होऊन दिल्लीला नोकरीला, धाकटी मुलगी नांदेडला मावशीकडे राहून शिकत होती. गुरुजींचा आवाज काय सांगू तुम्हाला? शाळेत ते पाढे म्हणायला लागले की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचे. ती दुष्काळाची वर्षं होती. टँकर कधी यायचा याचा नेम नसे. गल्लीच्या तोंडाशी तो वळला की गुरुजी ओट्यावरून हाक द्यायचे — टँकर आलाऽ — आणि नऊच्या नऊ घरांतून घागरी बाहेर पडायच्या. मी शाळेत असले तर कौसल्याबाई माझी घागर आपल्यापुढे लावून ठेवायच्या. स्वतःच्या पुढे. हे लक्षात ठेवा.

एका हिवाळ्यात गुरुजींचा आवाज बसला. सर्दी म्हणून सोडून दिलं, मग लातूरचे डॉक्टर झाले, सोलापूरचे झाले, आणि शेवटी मिलिंद येऊन त्यांना दिल्लीला घेऊन गेला. उन्हाळ्यात तिथल्या दवाखान्याचं पत्र आलं, इंग्रजीत. ते मीच वाचलं. गळ्यात गाठ होती, आवाजाची पेटीच काढून टाकावी लागणार होती. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. ते पत्र मी शेवटच्या ओळीपर्यंत, काही न लपवता सांगितलं. कौसल्याबाई ऐकत राहिल्या. मग एवढंच विचारलं, "म्हंजी बोलता येणारच न्हाई?"

नाही, मी म्हणाले.

"मंग त्याच्या आधी मला जायला पाहिजे."

म्हणून मिलिंदनं तिकीट पाठवलं. हैदराबाद ते दिल्ली, विमानाचं, गुरुवारचं. ऑपरेशन शुक्रवारी सकाळी दहाला. गुरुवारची संध्याकाळ त्या दोघांना बोलायला मिळावी, एवढाच त्या तिकिटाचा अर्थ होता. आणि तो अर्थ मला पूर्ण ठाऊक होता. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

सोमवारी पाण्याच्या रांगेत ते तिकीट हातोहात फिरलं. बायका पदराला हात पुसून ते घेत होत्या. आमच्या शेजारच्या शांताबाईंची जीभ जरा तिखटच. त्या म्हणाल्या, "बघा, आता कौसाबाई आपल्या डोक्यावरून जाणार. बाई एवढं विंग्रजी शिकल्या, पण त्यास्नी कुनी इमानात बसवलं न्हाई."

सगळ्या हसल्या. मीही हसले. कौसल्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "गप की गं," त्या म्हणाल्या, "बाईंच्या विंग्रजीवरच तर चालले मी."

इथे मला थांबावंसं वाटतं. पुढचं न लिहिता पाकीट बंद करावंसं वाटतं.

आजोबांनी मला लग्नानंतर कबूल केलं होतं की एकदा विमानानं दिल्ली दाखवीन. ते राहूनच गेलं होतं. पण तेवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. माझं माहेर निलंग्याचं. माझ्या वडिलांच्या शेतात कौसल्याबाईंची आई तूर काढायला यायची. त्यांनी ते कधी लपवलं नाही, मी कधी बोलून दाखवलं नाही. आमच्या घरात तसलं काही नव्हतं, असं मी तुम्हाला नेहमी सांगत आले ना? होतं. घागर हातात धरून, सगळ्यांबरोबर हसत असताना, तिची आई शेतात वाकलेली माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि मनात आलं — हिनं आधी? माझ्या आधी?

मंगळवारी दुपारी त्या माझ्याकडे आल्या. विमानतळावर कुठे उभं राहायचं, कुणाला काय विचारायचं, ते समजून घ्यायला. इंग्रजी पेपर तेव्हा हैदराबादहून दुसऱ्या दिवशी यायचा. तो माझ्या मांडीवर होता. त्यात पहिल्याच पानावर एक लहानशी बातमी होती. तेल महागल्यामुळे देशातल्या विमानभाड्यांवरचा इंधन अधिभार बुधवारी मध्यरात्रीपासून वाढणार होता. त्याखाली चार ओळी होत्या: ज्यांनी तिकीट आधीच काढलं आहे त्यांना ही वाढ लागू नाही.

मी वरचा भाग वाचून दाखवला. मराठी करून, अगदी बरोबर. विमानाच्या तेलाचा जादा आकार वाढला आहे, म्हणाले. मग पेपराची घडी घातली.

इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आहे — मी खोटं बोलले नाही, मी फक्त वाचायची थांबले. चांगलं वाक्य आहे ना? खूप दिवस पुरलं मला. पण ते खरं नाही. कारण त्यांनी विचारलं. "माझ्या तिकिटाला बी?"

आणि मी उत्तर दिलं. "काउंटरवर फरक मागतील. नाही दिला तर परत पाठवतील."

किती, ते सांगता येणार नाही, असंही म्हणाले. त्यांच्याकडे बसच्या भाड्यापुरते आणि वर थोडे पैसे होते. दवाखान्यानं सगळं आधीच ओढून नेलं होतं. माझ्या कपाटात होते. मी कपाटाकडे पाहिलंही नाही. मिलिंदला ट्रंक कॉल लावू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तो आधीच काळजीत आहे, त्याला कशाला आणखी घोर? मग मीच रेल्वेचं वेळापत्रक काढलं. बुधवारी सकाळच्या बसनं हैदराबाद, रात्रीची गाडी, शुक्रवारी पहाटे सहाला दिल्ली. ऑपरेशन दहाला. बघा, चार तास हातात आहेत, म्हणाले. किती नीट हिशेब केला होता मी! कुणाचं काही बिघडणार नव्हतं. फक्त त्या विमानात बसणार नव्हत्या.

पोस्टात जाऊन तारही मीच लिहिली. शब्दाला पैसे पडतात म्हणून शब्द तोडून तोडून लिहिली: आई रेल्वेनं येते, शुक्रवार सकाळ. बुधवारी त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना लिंबाचं लोणचं दिलं आणि पाण्याचा एक कॅन भरून दिला. त्या दिवसांत भरलेला कॅन देणं म्हणजे फार होतं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाईंचं मन मोठं. मला ते ऐकायला बरं वाटलं. त्या वेळीसुद्धा बरं वाटलं, हे मला सांगितलंच पाहिजे.

गाडी झाशीच्या अलीकडे कुठेतरी उभी राहिली ती राहिलीच. दिल्लीला पोचायला दुपारचे तीन वाजले.

दोन महिन्यांनी ती दोघं परत आली. गुरुजी बारीक झाले होते, गळ्याला पांढरा रुमाल, हातात शाळकरी पोरांची पाटी. कौसल्याबाई संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. गुरुवारी रात्रीपासून गुरुजी मिलिंदला एकच विचारत होते, आली का? शुक्रवारी सहाला विचारलं, सातला विचारलं. आत नेताना स्ट्रेचरवरून मान वळवून विचारलं, आली का? त्यांचं बोललेलं शेवटचं तेवढंच. कौसल्याबाई रडत नव्हत्या. साडीच्या निऱ्या सारख्या करत होत्या. "काय सांगायचं व्हतं, ते पाटीवर लिहा म्हटलं, तर लिहिना गेले," त्या म्हणाल्या. "म्हणले — म्हंजी लिहिलं — आता काय न्हाई."

मग उठता उठता म्हणाल्या, "पोरगा म्हणला, आई, जुन्या तिकिटाला तसला आकार लागतच नव्हता. मी त्याला बोलले. म्हटलं, बाई काय पेपरात नसलेलं सांगतील व्हय?"

बोलायची वेळ होती ती. दार उघडं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "हे नियम सारखे बदलत असतात." आणि चहाला आधण ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर सुरू झाले. गल्लीच्या तोंडाशी टँकर वळला की गुरुजी ओट्यावर येऊन स्टीलचं ताट पळीनं वाजवायचे. तो आवाज ऐकून मी घागर घेऊन बाहेर पडायची. मला पाणी लागायचंच ना? माझी घागर अजूनही कौसल्याबाईंनी आपल्यापुढे लावलेली असायची. असे किती उन्हाळे गेले. गुरुजी त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि त्या सगळ्या वर्षांत समोरच्या घरातून मला एकाच माणसाचं बोलणं ऐकू यायचं. कौसल्याबाई बोलायच्या, मग थांबायच्या — ते पाटीवर लिहीत असणार — मग पुन्हा बोलायच्या.

आजोबांनी मला दिल्ली दाखवली. विमानानं. खिडकीजवळची जागा मिळाली होती. ढग वरून पाहायला मिळाले आणि मला ते फार आवडलं. मला ते आवडायला नको होतं असं तुम्हाला वाटेल, पण आवडलं. परत आल्यावर कौसल्याबाईंनी विचारलं, भ्या वाटतं का हो बाई वर? मी म्हणाले, नाही वाटत.

मी मत्सरी होते, जात पाहणारी होते, आणि नंतर भित्री झाले. तीन वेगळे शब्द वापरते कारण ती तीन वेगळी कामं मी केली. तुमच्या बाबाला वाढवताना, तुम्हाला शिकवताना, त्यांतलं एकही मी कबूल केलं नाही.

त्या दिवशीचा पेपर आजोबांच्या रद्दीत गेला नाही. बातमी मी कापून घेतली होती, त्याच आठवड्यात. का, ते मला सांगता येत नाही. माझ्या मोठ्या इंग्रजी डिक्शनरीत ती आहे. कागद पिवळा पडला आहे, घडीवर फाटत आला आहे, खालच्या चार ओळी स्वच्छ वाचता येतात.

कौसल्याबाई आहेत. नांदेडला लेकीकडे असतात. गेल्या महिन्यात त्यांना पेन्शनचा एक कागद आला, इंग्रजीतून. त्यांची नात कॉलेजात शिकवते, तिनं तो वाचून दाखवला होता. तरी कौसल्याबाईंनी तिला त्याचा फोटो मला पाठवायला लावला आणि मग स्वतः फोन केला. मी पूर्ण वाचला, खालच्या बारीक अक्षरांसकट. त्या पलीकडून नातीला म्हणत होत्या, "आता खरं. बाईंनी सांगितलं."

तो विश्वास अजून आहे.

— आजी