मामांची पास चिठ्ठी

ह्यांच्या मामांच्या डोक्यात जितक्या कल्पना येतात तितक्या कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या सगळ्या माणसांना मिळून येत नसतील, आणि त्यातली एकही कामाची नसते हेही तितकंच खरं. मामा म्हणजे माझ्या मिस्टरांचे सख्खे मामा. लग्न केलं नाही. बदलापूरला कुळगावात आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एका खोलीत राहतात आणि जेवायला आमच्याकडे असतात. तीस वर्षं ते उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात चेकर होते. शिवून आलेली पँट उलटी करायची, शिलाई बघायची, सुटलेला धागा दिसला की कात्रीने उडवायचा आणि खिशात चिठ्ठी टाकायची, ‘पास. चेकर नं. ७’. शेठ सिंधी होता, त्यामुळे मामा अजून सगळ्यांना ‘साईं’ म्हणतात. दूधवाल्याला म्हणतात, डॉक्टरला म्हणतात, एकदा विहारात भन्तेजींनासुद्धा म्हणाले.

कारखाना सुटला पण नजर सुटली नाही. कुठलीही वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लग्नात नवरदेवाला भेटायला स्टेजवर गेले की आधी त्याच्या कोटाची बाही उलटी करतात, मग हात मिळवतात. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या कॉलरला धागा लोंबत होता. मामांनी खिशातली छोटी कात्री काढली, तेवढ्यात तो माणूस मागे वळला. त्याने कात्री बघून जी बोंब मारली ती ऐकून बाहेरचे रिक्षावालेसुद्धा आत आले. मामा आपले सांगतायत, "साईं, एकच धागा होता!" मला बघायला आले तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. मी मान खाली घालून बसले होते, कुणी काही विचारलं की आवाजच फुटत नव्हता. मामांनी पाठीमागची उशी घेतली, तिचा अभ्रा काढला आणि उलटा केला. "ही शिलाई कुणाची?" मी म्हटलं, "माझी." "टाका एकसारखा आहे. पास." आमचं लग्न ठरलं. उशी तशीच उघडी राहिली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. त्याची आई जिन्यात सगळ्यांना सांगत होती, "आता नुसत्या मार्कांवर भागत नाही हो. मुलाने आपल्या आवडीने काहीतरी प्रोजेक्ट केलेला दाखवावा लागतो." मामा तेव्हा कठड्यावर वाळत घातलेली कुणाची तरी चादर उलटी करून बघत होते. त्यांच्या कानावर हे पडलं आणि बिल्डिंगमधल्या अकरावी-बारावीच्या मुलांचे दिवस फिरले. मामा जिन्याच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसायला लागले. पोरगं खाली उतरलं की, "इधर आ साईं, तेरे लिए एक प्रोजेक्ट है."

पहिला प्रोजेक्ट कुकरच्या शिट्ट्यांचा. कुठल्या घरात किती वाजता किती शिट्ट्या होतात त्याचा नकाशा काढायचा. चार मुलं चार मजल्यांवर वह्या घेऊन उभी केली. तीन दिवसांत बिल्डिंगमध्ये भांडणं लागली. समोरच्या वहिनी मामांना म्हणाल्या, "आमच्या नावावर दोनच शिट्ट्या लिहिल्यात. डाळ कच्ची खातो का आम्ही?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा शिट्ट्या काढल्या. मग शेजारणीने आठ. आठवडाभर सगळी बिल्डिंग गाळ झालेला भात खात होती. त्यानंतर जांभळांचा मोसम आला. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर रंग किती वेळ टिकतो ते मोजायचं मामांनी काढलं. सात मुलं कॉलेजच्या कट्ट्यावर रांगेत जीभ बाहेर काढून बसली आणि नेमके तिथून त्यांचे प्राचार्य गेले. पुढे सगळ्यांच्या आईबापांना बोलावणं आलं. सातही मुलांचे आईबाप मान खाली घालून गेले, पण मामा मात्र तिथे आठवे पालक म्हणून गेले आणि प्राचार्यांना म्हणाले, "सर, जीभ दाखवा बघू, तुम्हीपण जांभळं खाल्लेली दिसतायत." खाल्ली होती. मुलं सुटली.

आमची प्रज्ञा बारावीत गेली तशी मात्र मला मामांची धास्ती वाटायला लागली. माझी शाळा चौथीत सुटली. प्रज्ञाला पुण्याच्या एका कॉलेजात जायचं होतं. तिथे निवड झाली तर राहण्या-जेवणासकट सगळं तेच बघणार होते, पण जागा मोजक्या आणि फॉर्म इंग्रजीत. त्यात प्रोजेक्ट विचारला होता आणि प्रोजेक्ट करून घेणाऱ्या माणसाचं एक पत्र मागितलं होतं. प्रज्ञा माझ्यावर गेली आहे, चार माणसांत बोलत नाही. मामा रोज नवीन कल्पना घेऊन यायचे. अंबरनाथच्या कंपन्यांचे जेवणाच्या सुट्टीचे भोंगे ऐकून कुठली कंपनी भुकेली आहे ते ओळखायचं. ‘पाच मिनिटांत देतो’ म्हणणारे दुकानदार खरोखर किती मिनिटांत देतात ते बसून मोजायचं. एक दिवस ती म्हणाली, "आजोबा, आवडीचं करायचं असतं ते. मला कसली आवड आहे हेच मला माहीत नाही." मामा त्या दिवशी एकही कल्पना न सांगता खाली गेले. ते कल्पना सांगत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते.

मी घरी धागे काढायचं काम करते. उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे येतात, आम्ही बायका सुटलेले धागे कापतो, गठ्ठे परत जातात. प्रज्ञा लहानपणापासून अभ्यास करता करता माझ्यासोबत कापते. मामांचं लक्ष त्या कापलेल्या धाग्यांच्या ढिगाकडे गेलं. "हे सगळे एकमेकांना बांधले तर कुठपर्यंत जातील, साईं?" दोन-दोन इंचांचे तुकडे! मी कपाळावर हात मारला. पण प्रज्ञा हसली, आणि दोघं बसली गाठी मारायला. आजूबाजूच्या ज्या ज्या बायका हे काम करतात त्या पिशव्या भरून धागे द्यायला लागल्या. एक बाई तर पार चामटोली गावाहून आली. प्रज्ञा प्रत्येकीला चहा द्यायची आणि वहीत लिहायची, नाव काय, कधीपासून धागे काढता, कुणाला शिकवलंत, लहानपणी काय व्हायचं होतं. मामा चिडायचे. "नावं काय लिहीत बसलीस? लांबी लिही, लांबी!" आणि स्वतः प्रत्येक गाठ ओढून बघायचे. सैल निघाली की ‘नापास’ म्हणून सोडायला लावायचे. धाग्यांचा मोठा गुंडा झाला. मामांचा हिशेब असा की तो उल्हासनगरपर्यंत जाईल. एका रविवारी सकाळी उलगडला. बिल्डिंगच्या गेटपासून निघाला तो पिठाच्या गिरणीपर्यंत गेला, तिथे वळसा घालून परत आला, आणि आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत संपला. मधे एक रिक्षावाला रस्त्याकडेने ताणलेली दोरी बघून थांबला आणि विचारत होता, "मामा, आज कोण मंत्री येतायत?"

पत्र मामा लिहिणार हे ठरलेलंच होतं. फॉर्म भरायला दोघं सायबरवाल्याकडे गेली. प्रज्ञा झेरॉक्स काढायला पलीकडे वळली तेवढ्यात मामांनी आपला कागद त्या माणसाला दिला आणि सगळं पाठवून झालं. घरी येऊन तिने प्रिंट बघितली. मामांनी लिहिलं होतं, ‘नग: मुलगी एक. उलटसुलट करून पाहिली. शिलाई पक्की. धागा सुटलेला नाही. बोलताना थोडी आत ओढते, धुतल्यावर मोकळी होईल. पास. पुढे पाठवावी. चेकर नं. ७’.

जन्मात कधी मोठ्याने न बोललेली माझी पोर त्या दिवशी ओरडली. "मी काय पँट आहे का? गेलं सगळं तुमच्यामुळे!" मामा पायऱ्या उतरून गेले. चार दिवस जेवायला आले नाहीत. मी डबा खाली नेऊन ठेवायचे, तो धुऊन, पुसून, उलटा ठेवलेला मिळायचा.

पाचव्या दिवशी मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे काय झालं ते प्रज्ञाने मला दहा वेळा सांगितलंय. टेबलामागे तीन जण होते. मधल्या बाईंनी मामांची चिठ्ठी समोर ठेवली आणि विचारलं, "हे काय आहे?" प्रज्ञाला वाटलं, आता ते हसतील. तिला स्वतःला हसले असते तरी चाललं असतं, पण मामांना हसलेलं तिला चालणार नव्हतं. म्हणून ती बोलायला लागली. चेकर म्हणजे कोण, तो पँट उलटी का करतो, धागे कोण काढतं, त्या बायकांची नावं काय, कुणाला नर्स व्हायचं होतं. अर्धा तास बोलली. शेवटी त्या बाईंनी आपल्या कुर्त्याची बाही उलटी करून बघितली म्हणे.

तिची निवड झाली. पुण्याला जाण्याच्या दिवशी मामा तिची बॅग तपासायला आले. सगळ्या शिवणी बघितल्या, चेन दहा वेळा उघडबंद केली. मग तिचा नवा कुर्ता. प्रज्ञा हात पसरून उभी राहिली. डाव्या खांद्यावर बोटभर धागा सुटलेला होता, मला लांबूनही दिसत होता. मामांनी खिशातून कात्री काढली. थोडा वेळ हातात धरली आणि परत खिशात ठेवली. "पास," म्हणाले.

ती गेल्यावर मी विचारलं, "मामा, खांद्यावर धागा राहिला होता ना?"

"राहिला का? डोळ्यांना दिसत नाही हल्ली, सूनबाई," ते म्हणाले. मी उसवलेली पिशवी शिवायला बसले होते, सुईत दोरा जात नव्हता. त्यांनी माझ्या हातातून सुई घेतली आणि पहिल्याच खेपेला ओवून दिली.